मॉरिस मायनरचा आतला दिवा लागत नाही, वायरिंग बदलायचं का?

मायनरवाला
नमस्कार मंडळी. आमच्या घरी १९६०ची मॉरिस मायनर आहे, चार दारांची. चालू स्थितीत आहे, रविवारी सकाळी रंकाळ्यावर चक्कर ठरलेली. गेल्या वर्षी रंगकाम करून घेतलं. रंग एकदम झकास आला, पण तेव्हापासून छतातला दिवा रुसलाय.

लक्षणं अशी. ड्रायव्हरचं दार उघडलं तर काहीच होत नाही. डावीकडचं पुढचं दार उघडलं तर कधी मिणमिणतो, कधी नाही. दिव्याच्या अंगालाच एक छोटं बटण आहे, ते दाबलं तर उदबत्तीच्या टोकाएवढा लालसर होतो, बास. बल्ब नवा घातला, बॅटरीही नवीच आहे.

दोन इलेक्ट्रिशियनना दाखवून झालं. एक म्हणाला, सगळं वायरिंग उपसून नवीन टाकू. दुसरा म्हणाला, कशाला डोकं लावताय, एलईडीची पट्टी चिकटवतो आणि डॅशबोर्डखाली स्विच देतो. मला यातलं एकही नको आहे. दार उघडल्यावर दिवा लागला पाहिजे आणि तोच जुना दिवा लागला पाहिजे.

शिवाय दिव्याच्या कव्हरला मधोमध तडा गेलाय. ते कुठं मिळेल?

पेठेतला_पोरगा
भावा, आधी हॉर्न वाजतोय काय ते सांग.

पुणे३०
एलईडीत वाईट काय आहे? माझ्या गाडीत बसवलाय. उजेड चौपट, खर्च नगण्य. उगाच जुन्या गोष्टींना कवटाळून बसण्यात अर्थ नाही.

मायनरवाला
@पेठेतला_पोरगा, हॉर्न वाजतो की. चांगला वाजतो. त्याचा काय संबंध?

तांबडा_रस्सा
कोल्हापुरात हॉर्न न वाजणारी गाडी गॅरेजमधनं बाहेरच पडत नाही. 😄

अ‍ॅम्पिअर
पोरग्यानं प्रश्न अगदी नेमका विचारलाय. मायनरच्या फ्यूजबॉक्समध्ये फ्यूज दोनच. ए१-ए२ वर किल्ली बंद असतानाही चालणाऱ्या गोष्टी, म्हणजे हॉर्न आणि आतला दिवा. ए३-ए४ वर किल्ली फिरवल्यावर चालणाऱ्या, म्हणजे वायपर, पेट्रोलचा काटा, ब्रेकलाइट. हॉर्न वाजतो म्हणजे पहिला फ्यूज शाबूत आहे आणि तिथपर्यंत करंट येतोय. निम्मं वायरिंग इथंच निर्दोष सुटलं. उपसायचं कारण नाही.

आता दिवा चालतो कसा ते बघू. बहुतेकांना वाटतं की दाराचा स्विच दिव्याला करंट पुरवतो. तसं नसतं. दिव्याला करंट चोवीस तास मिळतच असतो, जांभळ्या वायरीतून. दिव्यातून निघालेली दुसरी वायर (जांभळी, तिच्यावर पांढरी रेघ) दाराच्या खांबातल्या स्विचपर्यंत जाते. दार उघडलं की स्विचची दांडी स्प्रिंगनं बाहेर येते आणि ती वायर गाडीच्या पत्र्याला टेकते. पत्रा म्हणजेच अर्थ. सर्किट पूर्ण, दिवा चालू. दार लावलं की दांडी आत दबते, पत्र्याशी संबंध तुटतो, दिवा बंद. म्हणजे स्विच तोडतो-जोडतो ते अर्थिंग.

आणि हा स्विच खांबाच्या भोकात नुसता बसवलेला असतो. त्याच्या धातूच्या अंगाचा पत्र्याला जो स्पर्श होतो तेवढीच अर्थिंग. तुम्ही म्हणता रंगकाम झाल्यापासून बिघडलं. मग स्विच काढून भोकाच्या कडा बघितल्या का? तिथं प्रायमर, दोन-तीन हात रंग आणि वर लॅकर असेल, तर अर्थिंग मिळणार कुठून?

दिव्याच्या अंगावरच्या बटणाचंही तेच. त्या बटणाची अर्थिंग दिव्याच्या बैठकीतून, स्क्रूमधून छताच्या पत्र्याला जाते.

गडहिंग्लजकर
+१. आमच्या अ‍ॅम्बेसेडरला हाच आजार होता. पेंटरनं स्विच न काढता वरूनच फवारा मारला होता. दांडीसुद्धा रंगवलेली! मॅचिंग म्हणून.

निळी_पद्मिनी
पद्मिनीवाल्यांसाठी थोडं वेगळं. आमच्या फ्यूजबॉक्समध्ये त्या टोकदार कॅप्सूलसारख्या फ्यूज असतात, वरून पत्र्याची पट्टी असलेल्या. पट्टी तुटलेली दिसत नाही, पण टोकांना हिरवट गंज चढतो आणि दिवे मंद होतात. फ्यूज जागच्या जागी बोटानं गोल फिरवायची. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. डोंबिवलीच्या पावसात हा माझा जुलैतला ठरलेला उद्योग.

पुणे३०
एवढ्यासाठी एवढा प्रबंध? एलईडी बसवा आणि मोकळे व्हा.

अ‍ॅम्पिअर
@पुणे३०, अर्थिंगच नसेल तर एलईडीसुद्धा अंधारातच बसणार. बल्ब काय आणि एलईडी काय, सर्किट दोघांनाही पूर्णच लागतं.

@मायनरवाला, एक चाचणी करा. हातभर वायर घ्या, दोन्ही टोकं सोला. एक टोक बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलला लावा. हातभर पुरणार नाही म्हणा, लांब घ्या. डावा स्विच खांबातून बाहेर ओढा आणि त्याच्या मागच्या वायरीला दुसरं टोक टेकवा. दिवा लख्ख लागला तर दोष फक्त अर्थिंगचा. तरीही मिणमिणला तर करंटच्या बाजूनं कुठंतरी सांधा गंजलाय. मल्टिमीटर असेल तर व्होल्टही मोजा. बाराच्या जागी दहा व्होल्ट पोचले तर बल्बचा उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो, त्यामुळं थोडासा गंजही डोळ्याला लगेच कळतो.

स्विच बाहेर ओढताना वायरीला आधी दोरा बांधा. वायर सुटून खांबाच्या आत पडली तर पुढची संध्याकाळ ती शोधण्यात जाईल.

पेठेतला_पोरगा
काका, दोऱ्याची आयडिया नाद खुळा.

मायनरवाला
अ‍ॅम्पिअरकाका, मनापासून आभार. एक शंका. अर्थचं टर्मिनल म्हणजे मायनसच ना? कारण आमच्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलाय. दुसरा इलेक्ट्रिशियन म्हणाला, कुणीतरी बॅटरी उलटी जोडलीय, म्हणून दिवा लागत नाही. सरळ करून देतो म्हणाला, मी म्हटलं थांबा.

अ‍ॅम्पिअर
बरं झालं थांबवलंत! ती उलटी नाही, तुमची गाडी तशीच आहे. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असायचा. पुढं साठच्या दशकात हळूहळू सगळे मायनस अर्थकडे वळले. तुमच्या गाडीत अर्थ म्हणजे प्लस. साध्या बल्बला प्लस-मायनस काही कळत नाही, त्यामुळं दिवा न लागण्याशी याचा काडीचा संबंध नाही.

आणि काम सुरू करायच्या आधी बॅटरीचं अर्थचं टोक काढा, म्हणजे तुमच्याकडं प्लस. जोडताना ते सगळ्यात शेवटी. दुसरं टोक आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी पाहण्यासारखी असते. (टेस्टिंगपुरतं अर्थातच जोडलेलं लागेल.)

स्पॅनरशेठ
मी तर म्हणतो एकदाची मायनस अर्थ करूनच टाका. यूएसबी चार्जर, रेडिओ, सगळं आजच्या बाजारातलं बसतं. मी माझ्या जुन्या गाडीला केलंय. बॅटरी फिरवली, कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, झालं.

अ‍ॅम्पिअर
आणि डायनॅमो, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र? त्याला नव्या दिशेचं चुंबकत्व द्यावं लागतं. एफ टर्मिनलची वायर काढून बॅटरीच्या बिनअर्थच्या टोकाकडून त्याला क्षणभर स्पर्श द्यायचा. ते न करता गाडी सुरू केली तर चार्जिंग उलटं जाऊ शकतं, कटआउट (डायनॅमो आणि बॅटरी यांना आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) जळू शकतो.

स्पॅनरशेठ
ते केलं होतं हो, लिहायचं राहिलं. तरी माझं मत तेच. फोन चार्ज झाला पाहिजे.

तांबडा_रस्सा
मायनर घेऊन रंकाळ्यावर जायचं आणि तिथं फोन बघत बसायचं? पटलं न्हाई मर्दा.

शिस्तप्रिय
अवांतर, पण महत्त्वाचं. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली, मोठे फेरफार न केलेली दुचाकी-चारचाकी 'व्हिन्टेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंतरच्या फेरनोंदणीला ५,०००. नोंदणी दहा वर्षांची. नव्यानं नोंदवलेल्या गाडीच्या नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, आधी नोंदणी असलेल्यांना जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात चालत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर. धागाकर्त्यानं नोंदणी केली आहे का?

मायनरवाला
अजून नाही, नेहमीचीच नोंदणी आहे. रविवारची चक्कर 'देखभाल' मध्ये बसते का ते बघतो. 😀

पेठेतला_पोरगा
दर रविवारी पेट्रोल भरायला जायचं. फक्त पंप रंकाळ्याच्या पलीकडचा निवडायचा. विषय संपला.

गडहिंग्लजकर
अवांतरावरून अवांतर. दसऱ्याला राजघराण्याची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा तिचा आतला दिवा लागतो का हे कुणी बघितलंय काय? मी दर वेळी गर्दीत पाठीमागंच असतो.

तांबडा_रस्सा
तिच्या आत कोण बसलंय ते दिसत नाही इतकी गर्दी, तुम्ही दिवा बघताय!

सुगरणगाडी
धागा वाचून मजा येतेय. आमच्याकडं इचलकरंजीला सासऱ्यांची फियाट आहे, ११००. तिचा आतला दिवा उलट कधी विझतच नव्हता. दार नीट लावलं तरी चालू. रात्रभर कुणाच्या लक्षात यायचं नाही आणि मग सकाळी धक्का मारायला शेजारची पोरं. शेवटी सासूबाईंनीच कारण शोधलं. दाराचं नवीन रबर घातलं होतं ते जाड होतं, त्यामुळं दार पूर्ण आत बसायचं नाही आणि दांडी दबायचीच नाही. मेकॅनिक स्विच बदला म्हणत होता!

अ‍ॅम्पिअर
@सुगरणगाडी, सासूबाईंना नमस्कार सांगा. हिशोबच सांगतो. सहा वॅटचा बल्ब, बारा व्होल्ट, म्हणजे अर्धा अँपिअर. दोन दिवस चालू राहिला तर चोवीस अँपिअर-तास गेले. चाळीसच्या बॅटरीत मग स्टार्टर फिरवायचं त्राण उरत नाही, त्यातून ती जुनी असली तर एक रात्रही पुरे.

मायनरवाला
मंडळी, अपडेट!

काल भाऊ आणि मी बसलो. डाव्या खांबातला स्विच काढला (दोरा बांधून, काका). भोकाच्या कडेला रंगाचा असा गुळगुळीत थर, की नखानं सोलून लांब पापुद्रा निघाला. वायर थेट बॅटरीच्या अर्थला लावल्याबरोबर दिवा लख्ख! भाऊ आत बसला होता, तो ओरडलाच. म्हणजे काकांचं निदान बरोबर, करंट ठणठणीत.

मग भोकाची आतली कड पॉलिश पेपरनं घासून पत्रा उघडा केला. स्विचचं अंगही घासलं. बसवला. डावं दार उघडलं की दिवा पूर्ण उजेडात. छताच्या दिव्याचे स्क्रू काढून तिथंही घासलं, आता त्याचं स्वतःचं बटणही चालतंय.

पण ड्रायव्हरचं दार अजून मुकंच. तिथंही घासलं, वायर थेट अर्थला लावली तर लागतो. स्विच बसवला की नाही.

गडहिंग्लजकर
घासलेल्या जागी नुसता पत्रा ठेवू नका. आपल्याकडच्या पावसात महिन्याभरात तांबूस होईल. बसवल्यावर थोडं व्हॅसलीन फासा, बॅटरीच्या टोकांना लावतो तसं.

अ‍ॅम्पिअर
वायर थेट लावल्यावर लागतो म्हणजे आता संशय फक्त स्विचवर. दांडी बोटानं दाबून सोडा. झटकन बाहेर येते की आळसानं?

मायनरवाला
येतच नाही. निम्म्यात अडकते.

पेठेतला_पोरगा
रंग आत गेलाय. थिनरात बुडवून ठेव.

निळी_पद्मिनी
थिनर जपून. आतला इन्सुलेशनचा तुकडा विरघळला तर दिवा कायमचा चालू. रॉकेलात ठेवा रात्रभर, मग जुन्या टूथब्रशनं घासा.

उद्यमनगरी
उशिरा येतोय. सगळं वाचलं. मायनरवालेदादा, दांडी निघाली तर नीट बघा, एका बाजूनं झिजून चपटी झाली असेल. इतक्या वर्षांत दार हजारो वेळा आपटलंय तिच्यावर. तशी असेल तर साफ करून महिना-दोन महिने चालेल, परत अडकेल. नवा स्विच शोधत बसू नका. उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडं जुनी दांडी नमुना म्हणून न्या, पितळेच्या रॉडमधनं तशीच काढून देतील. फक्त अट एक, चहाच्या वेळेला जाऊ नका आणि 'अर्जंट' म्हणू नका. मोठ्या कास्टिंगच्या जॉबमध्ये असला बारका नग ते हौसेनंच करतात. पैसे विचारलं तर म्हणतील, राहू दे, गाडी दाखवायला आणा.

स्प्रिंगही तिथंच मिळेल. पेनातली घालू नका, दोन दिवसांत बसते.

शिस्तप्रिय
पितळी दांडी 'मूळ रूपात' मोडेल का?

उद्यमनगरी
साहेब, बाबूराव पेंटरांनी ह्याच गावात सिनेमाचा कॅमेरा घरी बनवला. तुम्ही बोटाच्या पेराएवढ्या दांडीचं घेऊन बसलाय.

पुणे३०
कबूल, हा टोला आवडला. बरं, वेगळ्या वाटेनं विचारतो. अर्थिंग आता ठीक आहे, तर बल्बच्या जागी त्याच आकाराचा एलईडी घालायला काय हरकत? तापणार नाही, कव्हरला पुन्हा तडा जाणार नाही. तडा उष्णतेनंच गेला असणार.

अ‍ॅम्पिअर
हा मुद्दा मात्र रास्त आहे. दहा वॅटचा बल्ब घातला असेल तर कव्हर नक्की तापतं, बऱ्याच वेळा दुकानदार 'जास्त उजेड' म्हणून तोच देतो. मूळचा पाच-सहा वॅटचाच ठेवावा. एलईडी घालायचा तर दोन्ही बाजूंना टोपी असलेला लांबट प्रकार घ्या आणि लांबी मोजून घ्या, ३६ किंवा ३९ मिलिमीटर असे वेगवेगळे येतात. तुमच्या गाडीत प्लस अर्थ, त्यामुळं लागला नाही तर होल्डरमध्ये टोकं बदलून बसवा. आणि निळसर पांढरा घेऊ नका, गाडीत बसल्यावर दवाखान्यात आल्यासारखं वाटतं.

दंतकथा
दवाखान्याचा विषय निघाला म्हणून. मी डेंटिस्ट, राजारामपुरीत. तडा गेलेलं कव्हर प्लॅस्टिकचं आहे की काचेचं? अ‍ॅक्रिलिकचं असेल तर आमच्याकडं कवळी दुरुस्त करायला पारदर्शक अ‍ॅक्रिलिक असतं, पावडर आणि द्रव मिसळून भरायचं. तडा आतून भरून वरून पॉलिश केला तर जवळून बघितल्याशिवाय कळणार नाही. माझ्या भावाच्या बुलेटच्या मागच्या दिव्याला केलंय. फेव्हिक्विक मात्र लावू नका, आजूबाजूला पांढरा धूर बसतो.

तांबडा_रस्सा
मायनरला कवळी! लई भारी.

बर्मिंगहॅमहून
इथं इंग्लंडमध्ये मायनरचे सुटे भाग अजून नवे बनवून विकतात, कारण रस्त्यावर भरपूर मायनर आहेत. दिव्याचं कव्हरही मिळतं. पण टपाल आणि कस्टम धरून ते वस्तूपेक्षा महाग पडेल. डिसेंबरात मी साताऱ्याला घरी येतोय, वजन नगण्य आहे, बॅगेत टाकून आणू शकतो. तोवर ताईंची कवळी चालवा.

मायनरवाला
@बर्मिंगहॅमहून, व्यनि (खासगी निरोप) केलाय. खूप उपकार होतील.

@दंतकथाताई, प्लॅस्टिकचंच आहे. शनिवारी घेऊन येतो. नंबर लावावा लागेल का?

@उद्यमनगरी, दांडी खरंच एका बाजूनं चपटी निघाली. आज लेथवर दिली. तुम्ही म्हणालात तसंच झालं, पैसे विचारले तर म्हणाले, 'आदी बसवून बगा, मग बोलू.' काकांच्या सांगण्यावरून बल्बही तपासला. नवा म्हणून घातला होता तो दहा वॅटचाच निघाला. आता पाचाचा आणलाय. एलईडी नको, पिवळा उजेडच बरा.

दंतकथा
नंबर माणसांना. कव्हरला मधल्या सुट्टीत बघू.

मायनरवाला
दांडी बसली. दोन्ही दारांना दिवा लागतोय. पितळेची असल्यामुळं दार उघडलं की खांबात सोन्यासारखी चमकते, आई म्हणाली तिलाही काळा रंग दे. नाही म्हणालो.

अ‍ॅम्पिअर
उत्तम. आता दोन्ही दारं लावून, काच खाली करून, अंधारात एकदा बघा की दिवा पूर्ण विझतो ना. नवी दांडी केसभर लांब असेल तर चालेल, आखूड असेल तर दार लावूनही दिवा जळत राहील. सुगरणगाडींच्या शेजारची पोरं कोल्हापुरापर्यंत धक्का मारायला येणार नाहीत.

मायनरवाला
बघितलं, विझतो.

स्पॅनरशेठ
झालं ना काम? आता कुणीतरी सांगा, माझ्या गाडीत मायनस अर्थ केल्यापासून पेट्रोलचा काटा टाकी भरलेली असतानाही निम्म्यावरच का थांबतो?

पेठेतला_पोरगा
शेठ, टाकीची अर्थिंग बघा. तिथं पण रंग मारलाय काय?